बयनाचे हात

आमच्या गल्लीत न्हाऊ घालणारीला बोलावणं पाठवत नाहीत. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, लेकराची नाळ पडली, की बातमी आपोआप पोचते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई लुगडं वर खोचून, पदराखाली तेलाची वाटी धरून दारात उभी राहते. बोलावलं तर तिला राग येतो. बोलावून आणायची ती कामवाली, अशी आमच्याकडची समजूत. महिनाभर ती रोज येणार, बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ घालणार, चहा घेऊन जाणार आणि शेवटच्या दिवशी खणानारळाने ओटी भरून घेणार. या रीतीचं मला आयुष्यभर कौतुकच वाटलं. गेल्या थंडीत मात्र मी या रीतीतच अडकले. जिला बोलावलंच नाही, तिला येऊ नको असं कसं म्हणायचं?

ती बाई म्हणजे बयना.

बयना आणि मी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आलो. आमचं गाव तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. मी किनवटकडची, दुकानदाराच्या घरात पडले. ती बेज्जूरच्या रानातली, प्राणहितेच्या बाजूची; आमच्या मागच्या शेतकऱ्याच्या घरी आली. तिच्या माहेरी अंगणापर्यंत झाडी, आणि आमच्याकडे नुसता कापूस आणि ज्वारी. पहिले काही महिने ती मीठमिरची न्यायला यायची आणि दारातून विचारायची, "सावली हाय काय वं तुमच्या दुकानात? पायलीभर दे." मी तोंडाला पदर लावून हसायचे आणि आतून सासूबाई खाकरायच्या.

माझा थोरला, राजकुमार, पौषाच्या थंडीत झाला. आदिलाबादची थंडी ज्यांनी काढली त्यांनाच ती माहीत. सकाळी हंड्यातल्या पाण्यात बोट घालवत नाही. बयना माझ्याहून थोडीच मोठी, पण हे काम ती आईच्या हाताखाली शिकून आलेली होती. पाटावर पाय लांब करून बसायची, पायांवर लेकरू पालथं घालायची आणि पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन बघायची. मला दूध उतरत नव्हतं. लेकरू रडायचं, मीही रडायचे. बयना दोघांनाही रडू द्यायची. "रड, रेणुका, रड. कोंडून ठेवून काय लोणचं घालतं?" असं म्हणत माझी पाठ चोळायची. त्या पाठ चोळण्याचा आराम मला अजून आठवतो. नंतर पुष्कळ सुख मिळालं, पण तसं नाही.

दुसरा मुलगा फार दिवस राहिला नाही. त्यालाही शेवटचं न्हाऊ बयनानेच घातलं. माझ्याशिवाय घरातल्या कोणालाही तिथे उभं राहवलं नाही. ती मात्र रोजच्यासारखी पाटावर बसली, पाणी कोपरावर घेऊन बघितलं, कानामागचं पाणी टिपलं. त्यानंतर त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

त्या हातांबद्दल काही बोलायचं म्हणजे मला किती जड जात होतं, ते कळावं म्हणून एवढं सांगितलं.

रंजीता माझी नात, राजकुमारची मुलगी. तिचा नवरा कुलदीप बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत आहे; तिथेच क्वार्टरमध्ये त्यांचा संसार. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती. आदिलाबादच्या दवाखान्यात मुलगी झाली. सगळं नीट झालं. घरी आणल्यावर माझी सून रूपा आणि मी आळीपाळीने तिच्याजवळ बसत होतो. सगळं घर ओव्याच्या वासाने भरलेलं होतं आणि मी मनातल्या मनात नाळ पडायचा दिवस लांबवत होते.

कारण बयनाचे हात थरथरत होते.

मी ते पहिल्यांदा बघितलं ते तिच्या शेतात. कापसाची वेचणी सुरू करायच्या आधी आमच्याकडे सीतादही करतात. शेतात दगड मांडून पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मग पहिलं बोंड वेचायचं. बयनाच्या शेतातल्या सीतादहीला मी दर वर्षी जाते. त्या दिवशी तिच्या हातातला दहीभात दगडांवर पडायच्या आधीच खाली सांडला. "थंडी पडली बाप्पा यंदा," ती म्हणाली. ऊन चांगलं तापलेलं होतं. त्यानंतर मी बघत राहिले. चहा ती बशीत ओतेनाशी झाली. कप दोन्ही हातांनी धरून तोंडच खाली न्यायची. मी काही विचारलं नाही. विचारणं म्हणजे तिला उघडं पाडणं, असं मला वाटायचं.

नाळ पडली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच बयना हजर.

"कुठं हाय माही पाहुनी? पाणी तापवलं का?"

"आज राहू दे वं," मी म्हटलं. "पोरीले शिंका येऊन राह्यल्या."

"नवं नाक हाय, शिंकनच." तिने माझ्याकडे एकदा बघितलं. "बरं, उद्या."

ती चहा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

"बयना, दवाखान्यातल्या डॉक्टरम्मानं सांगितलं हाय, नाकात-कानात तेल घालाचं नाई."

"नाई घालत."

मला वाटलं होतं ती भांडेल. तिच्या आईपासून चालत आलेली गोष्ट होती ती. पण ती सरळ हो म्हणाली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "आज तिले आत्ताच पाजलं, झोपली." ती गेली.

पुढच्या वेळी मी धुरीचं काढलं. डॉक्टरम्माने धूर करू नका असं सांगितलं आहे, आणि धुरी न देता न्हाऊ घालणं तुला काही पटायचं नाही.

"काऊन नाई पटनार? कोळशे वाचले." ती हसली. "आनखी काय म्हनते तुही डॉक्टरम्मा?"

"हात-पाय ओढाचे नाई म्हनते. मालिश हळूच कराची."

"हळूच करते. फुलासारकी करते."

माझं एकेक कारण ती हसतमुखाने मान्य करत होती. मी भिंत उभी करायची आणि तिने ती बाजूला ठेवून पुढे यायचं, असं चाललं होतं. रोज मी घाम पुसत आत जायचे, आणि रंजीता बाजेवरून माझ्याकडे बघत असायची. शेवटी एका सकाळी तिने मला धरलंच.

"आजी, डॉक्टरांनी तेल नको म्हटलं, धूर नको म्हटलं, ते खरं. पण बयना आजींना येऊ देऊ नका असं कुठं म्हटलं? त्यांचे हात थरथरतात म्हणून तू टाळून राहिली. मीपण पाहिलं."

"हळू बोल."

"मला भीती वाटते, आजी. त्या खूप चांगल्या आहेत, तरी भीती वाटते. तुला जमत नसेल तर मी सांगते."

"नाही," मी म्हटलं. "तू सांगितलं तर ते काल आलेल्या पोरीनं दारातून परत पाठवल्यासारखं होईल. माझं काम आहे ते. मीच सांगेन."

"मग डॉक्टरांचं नाव नको घेऊस."

मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टरचंच नाव घेतलं. माझ्या तोंडाला ती सवयच लागली होती. म्हटलं, "बयना, आता नवीन हाय. लेकराले मायनंच आंघोळ घालाची म्हनते डॉक्टरम्मा. मायचा हात ओळखीचा होते म्हनते."

बयनाने मान हलवली. मग म्हणाली, "बरोबर हाय. मंग असं करू. रंजीताले पाटावर बसवतो, तिच्या पायावर लेकरू ठेवतो. हात मायचाच. मी निस्तं पाणी टाकते."

आणि ती न्हाणीत गेली सुद्धा.

मी काही बोलायच्या आत रूपाने पाणी आणून ठेवलं होतं. रंजीता मुलीला छातीशी धरून दारात उभी. बयना लाकडी स्टुलावर बसली, लुगडं खोचलं, कोपर पाण्यात घालून बघितलं. पन्नास वर्षांची सवय. मग तिने लोटा भरला आणि उचलला. पाणी लोट्याच्या काठावरून तिच्या मनगटावर, पाटावर, जमिनीवर सांडायला लागलं. तिने दुसरा हात लावला. तरी सांडत होतं. वाफ निघत होती त्या पाण्यातून.

"दे वं पोरी, बस," ती रंजीताला म्हणाली.

रंजीताने माझ्याकडे बघितलं. सांगायचं काम तिने ठरल्याप्रमाणे माझ्यावर सोडलं. 

"बयना," मी म्हटलं, "तुहे हात थरथरतात. मी लेकरू तुह्या हाताखाली देनार नाई."

बोलले तेव्हा माझा आवाज मलाच कडक वाटला. इतके दिवस दाबून ठेवलेलं बोलणं गोड निघत नाही.

बयनाने लोटा हळूच घंगाळात ठेवला. सांडलेल्या पाण्याकडे बघितलं. मग उठली, लुगडं सोडून नीट केलं. तेलाची वाटी ती पहिल्या दिवशी आणायची आणि महिनाभर आमच्याच घरी ठेवायची. ती कोनाड्यातून काढली, पदराखाली घेतली आणि चहा न घेता गेली. दारातून जाताना मुलीच्या पायाला बोट लावलं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्याही दुसऱ्या दिवशी नाही. पोरीची आंघोळ रंजीता आणि रूपा मिळून करत होत्या, चांगली करत होत्या. मी मात्र रोज उजाडताच दार उघडून उगाचच अंगण झाडायला लागले होते. शेजारची गयाबाई विचारून गेली, "बयनाबाई नाई दिसल्या? भांडन झालं काय?" मी म्हटलं, नाही. तिला ते खरं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

आमचे हे, वामनराव, दुकानात बसून सगळं ऐकत असतात. त्यांना ऐकू कमी येतं असं घरात सगळे म्हणतात, पण हवं ते बरोबर येतं. ते म्हणाले, "जे बोलली ते बरोबर बोलली. पन त्याच्या आधी किती वाकडं चालली! उधारी बंद करताना गिऱ्हाइकाले मी सुद्दा इतकं फिरवत नाई."

"मंग आता काय करू?"

"मले काय इचारतं? तिचं घर काय बेल्लमपल्लीले हाय?"

मागच्या दाराने गेलं तर बयनाचं घर हाकेच्या अंतरावर. तरी मी पुढच्या रस्त्याने गेले, पाहुणीसारखी. का, ते सांगता येणार नाही.

त्यांच्या घरात तेव्हा कापूस भरलेला होता. भाव चढेल म्हणून तिच्या मुलाने, चंपतने, न विकता ठेवला होता. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत पांढरा ढीग आणि त्यातून आत जायला एक अरुंद वाट. सून सुनयना शेतात वेचायला गेलेली. बयना ढिगाच्या पायथ्याशी पाठ टेकून बसली होती आणि कापसातली कचकडी, म्हणजे वाळक्या पानांचे बारके तुकडे, काढायचा प्रयत्न करत होती. कचकडी हातात येत नव्हती. मला बघून तिने हात कापसात खुपसले.

"ये," ती म्हणाली. "बस. खाली बस, कापूसच कापूस हाय. राजाच्या घरी नाई अशी गादी."

मी बसले.  मग मी म्हटलं, "बयना, मी कडक बोलली."

"कडक बोलली त्याचं काई नाई." ती कापसाकडे बघूनच बोलत होती. "हात माहे हायेत. थरथरतात हे मले ठाव नाई काय? तुह्याआधी मले ठाव हाय."

"मंग तू काऊन येत होती?"

"येनार नाई तर काय करू? नाळ पडली अन् बयना आली नाई, असं गावात कधी झालं? गयाबाई पयल्याच दिवशी म्हनली असती, या दोघींचं भांडन झालं. नाई तर म्हनली असती, बयनाले काईतरी झालं. काय सांगनार होती मी? मले वाटलं, रेणुका म्हनन. पयल्याच दिवशी म्हनन, बयना, तुहे हात बरे नाईत, तू निस्ती बस. मी त्याच्याचसाठी वाट पाहून राह्यली होती. अन् तू म्हनली, शिंका येतात."

मी कापसाचा एक पुंजका उचलून बोटांत पिळत राहिले.

"मंग तेल. मंग धूर. रोज नवीन डॉक्टर." आता तिचा आवाज चढला. "मी एकेक हो म्हनत गेली. मले वाटलं, आता हिच्याजवळचे सारे कारनं सरतीन, मंग खरं निंघन. पन तू कारनं काढतच राह्यली वं! अन् त्या दिवशी लोटा उचलला तवा मले वाटलं, तू आता थांबवनार नाई. मीच टाकनार पाणी. माह्याच छातीत धडधड होऊन राह्यलं होतं. तू एका दमाचा उशीर केला असता तर?"

"तू खाली ठेवला असता."

"नसता ठेवला. तुह्यासारकीच मीबी. एकदा निंघालं की थांबता येत नाई."

हे बोलून ती रडली. बयनाला रडताना मी फार थोड्या वेळा बघितलं आहे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिने तो ठेवू दिला.

"मले वाटलं तुले वाईट वाटन," मी म्हटलं.

"वाटलंच ना. पन वाटू द्याचं होतं. माहं वाईट वाटणं तू काऊन उचलून फिरून राह्यली? तुह्या दुसऱ्या लेकराच्या वक्ताले मी तुले म्हनलं होतं काय, तो झोपला हाय म्हनून?"

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलली. त्या दिवशी मी त्याला उराशी धरून दारात उभी राहून विचारलं होतं, "तो गार काऊन लागते?" आणि सगळे इकडेतिकडे बघत असताना बयनानेच सांगितलं होतं, "तो गेला, रेणुका. ये, त्याले न्हाऊ घालू." मी ते विसरले नव्हते. पण त्यात तिने माझ्यासाठी काय केलं होतं, ते मला त्या कापसाच्या ढिगात बसून कळलं.

मग हळूहळू तिने बाकीचं सांगितलं. घरातही कोणाला माहीत नव्हतं. ती सगळ्यांच्या नंतर, भिंतीकडे तोंड करून जेवत होती. हातून कप फुटले तेव्हा सुनयनाला वाटलं सासूबाई रागाने आदळतात, आणि सून-सासूचं बोलणं कमी झालं. चंपतला वाटत होतं आईला आता सून नकोशी झाली.

माझं मन भरून आलं आणि मी सुरू झाले. मी रोज सकाळी येते. भाकरी आमच्याकडून येईल. राजकुमारला गाडी काढायला सांगते, उद्याच आदिलाबादला मोठ्या डॉक्टरकडे जाऊ. सुनयनाला मी आज संध्याकाळीच नीट समजावून सांगते.

"थांब," बयना म्हणाली. "थांब वं जराशी. दुकान आवर."

मी थांबले.

"सुनयनाले मीच सांगन. माही सून हाय ती. तू सांगितलं तर तिले वाटन, साऱ्या गावाले ठाव हाय अन् मलेच नाई. दवाखान्यात चंपतसंगं जाईन. भाकरी नाई पायजे. अन् तू रोज येऊन 'हात कसे हायेत, हात कसे हायेत' असं इचारशीन ना, तर मी मागचं दार लावून घेईन."

"मंग इचारूच नको काय?"

तिने विचार केला. "गुरुवारी इचार. बजाराच्या दिवशी. त्या दिवशी मी खरं सांगन, चांगलं असो का वाईट. बाकीच्या दिवशी आपल्या पयल्यासारक्या गोष्टी. कोनाची पोरगी कुठं देली, भाव काय निंघाला. मले हात सोडून दुसरंबी काई हाय ना?"

"हाय," मी म्हटलं. "जीभ हाय."

ती हसली तेव्हा मला बरं वाटलं. मी लगेच पुढची उडी मारली. "मंग उद्यापासून ये. पाटाजवळ खुर्ची टाकतो. तू बसून सांग, रंजीता करन."

"नाई."

"काऊन?"

"वरून बसून सांगनाऱ्या सासवा म्या लय पाह्यल्या. त्यातली मले नाई व्हाचं. त्या पोरी चांगलं करतात, मी मागच्या दारातून आवाज आयकते; लेकरू रडत नाई. मी येईन ते लेकराले पाहाले येईन. दुपारी. न्हाऊ घालाच्या वक्ताले बोलवू नको मले. मले ते पाहावत नाई अजून."

हे "बोलवू नको" तिने जितक्या सहजपणे म्हटलं, तितक्या सहजपणे मी "येऊ नको" म्हणू शकले असते, तर किती सकाळी वाचल्या असत्या.

दुपारी ती आली. खरोखर पाहुणीसारखी आली, पुढच्या दाराने, हात पदरात घेऊन. मुलगी जागी होती. बयना दुरूनच वाकून बघायला लागली. जवळ जावं की नाही, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात रंजीता म्हणाली, "बयना आजी, भिंतीला टेकून बसा. मी बाळ मांडीवर देते. हात थरथरले तर थरथरू द्या, माझा एक हात खाली राहील."

 बयना रंजीताकडे बघतच राहिली.

"पाह्य," ती मला म्हणाली, "असं बोलाचं असते. तू असती तर म्हनली असती, डॉक्टरम्मानं मांडीले मनाई केली."

रूपाला हसू आवरेना. बयना बसली, मुलीला मांडीवर घेतलं. तिचे हात मुलीच्या दोन्ही बाजूंना होते आणि थरथरत होते. त्या लेकराला त्याचं काही नव्हतं. ती डोळे मोठे करून बयनाच्या नाकातल्या मुरणीकडे बघत होती. रंजीताने आपला हात खाली ठेवला होता तो शेवटपर्यंत काढला नाही, आणि बयनानेही काढ म्हटलं नाही.

सुनयनाला तिने त्याच आठवड्यात सांगितलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही; मी विचारलं नाही. एवढं दिसलं, की बयना आता चुलीजवळ सगळ्यांसोबत जेवायला बसते आणि तिच्यासमोर कपाऐवजी दांडीचा स्टीलचा मग असतो. चंपत तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थोडा फरक पडेल, पूर्ण जाणार नाही, असं सांगितलं.

ठरलेलं पाळणं मला सोपं गेलं नाही. मधल्या वारांना ती यायची आणि बोलता बोलता तिच्या हातून सुपारी पडायची. मी वाकून उचलायला निघायचे आणि ती डोळे वटारायची. मग मी वांग्यांच्या भावाबद्दल काहीतरी बोलायचे. वांग्यांबद्दल मी आयुष्यात बोलले नाही इतकं त्या महिन्यात बोलले. रंजीता मुलीला घेऊन बेल्लमपल्लीला गेली, त्या दिवशी निघताना बयनाने मुलीच्या कपाळाला काजळाचा टिळा लावला. तो डोळ्यावरून गालापर्यंत गेला. कोणी पुसला नाही, आणि कोणी "छान लागला" असंही म्हटलं नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी आम्ही दोघी बाजाराला गेलो. ऊन वाढायला लागलं होतं. मेथीवाली तेलुगूत भाव सांगत होती आणि बयना मराठीत तिच्याशी भांडत होती; इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींची भाषा शिकायची तसदी घेतली नाही आणि सौदा कधी चुकला नाही. भाजी घेऊन झाल्यावर आम्ही चिंचेखालच्या ओट्यावर बसलो.

"हात कसे हायेत?" मी विचारलं.

तिने हात पदरातून काढून मांडीवर ठेवले. "आज वाईट हायेत," ती म्हणाली. "सकाळी चोळीची गाठ बसली नाई. लय वेळ बसून राह्यली. मंग सुनयनाले हाक मारली. तिनं बांधून देली."

माझ्या ओठांवर पुष्कळ आलं. गोळी वाढवून घे, दुसऱ्या डॉक्टरला दाखव, होईल बरं. मी ते सगळं गिळलं.

"लाज वाटली?"

"वाटली. तिनं काई म्हनलं नाई. गाठ बांधली अन् भाकरी टाकाले गेली." बयनाने पाय लांब केले. "मंग नाई वाटली."

 समोर बाजार मोडत होता, बायका टोपल्या एकात एक घालत होत्या. थोड्या वेळाने बयना उठली, आपल्या पिशवीकडे बघितलं आणि ती माझ्यापुढे सरकवली.

"हे आज तू घे," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी आपल्या मनानं नको उचलू. लागलं तर मी म्हनन."

मी दोन्ही पिशव्या उचलल्या. जड होत्या. तिने माझा दंड धरला आणि आम्ही निघालो. वाटेत तिने विचारलं, "माह्या हाताचा तरास होते काय वं चालताना? खरं सांग."

"होते थोडासा," मी म्हटलं. "दुसऱ्या बाजूनं धर."

ती दुसऱ्या बाजूला आली.